जिवंत आमिष आणि गळाची काठी

मूळचे बडोद्याचे आमचे एक वाचक नोकरीनिमित्त अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात राहतात. शेजाऱ्यांच्या संगतीने त्यांस रात्री समुद्रकाठी गळ टाकण्याचा छंद लागला आहे. त्यांनी आम्हांस असे विचारले आहे, की जिवंत वाम आमिष म्हणून फेकावयाची असेल तर गळाची काठी कशाची घ्यावी? काचतंतूची, कार्बनतंतूची, की दोहोंच्या मिश्रणाची? दुकानदार सर्वांत हलकी, सर्वांत ताठ आणि अर्थातच सर्वांत महाग काठी पुढे करतो. शेजारचे वृद्ध गृहस्थ मात्र आपली जुनी, जड, लवचीक काठी सोडावयास तयार नाहीत. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

आम्ही खाडीकाठी वाढलो आणि गरी टाकणारी माणसे लहानपणापासून पाहत आलो, म्हणूनच हा प्रश्न आमच्याकडे आला असावा. प्रथमदर्शनी तो क्षुल्लक वाटेल. परंतु या निवडीत दोन जिवांचे हिताहित गुंतलेले आहे: एक गळाला लावलेली वाम आणि दुसरा ती गिळावयास येणारा मासा. यास्तव त्याचा थोडा सविस्तर विचार करणे आम्हांस उचित वाटते.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ज्याच्यासाठी लोक रात्र रात्र जागतात, तो मासा म्हणजे पट्टेदार बास. रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर रेघा असतात, त्यांवरून हे नाव पडले. चेसापीक उपसागरास मिळणाऱ्या नद्या, हडसन नदी व डेलावेअर नदी येथे तो वसंतात अंडी घालतो आणि मोठा झाला म्हणजे उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस मेन राज्यापर्यंत जातो. खडकांच्या कपारी, लाटांचा फेस आणि भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह ही त्याची आवडती ठिकाणे. ४ ऑगस्ट २०११ रोजी ग्रेग मायरसन यांनी कनेक्टिकट राज्याच्या किनाऱ्याजवळ होडीतून जो मासा धरला, त्याचे वजन ८१.८८ पौंड भरले. हा जागतिक उच्चांक मानला गेला, आणि त्यांच्या गळाला आमिष होते जिवंत वामीचेच.

आता वामीकडे वळू. अमेरिकन वामीचे जीवन मोठे विलक्षण आहे. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी सार्गासो नावाचा समुद्र आहे, तेथे तिचा जन्म होतो. काचेसारखी पारदर्शक पिल्ले प्रवाहाबरोबर किनाऱ्यास लागतात, नद्या-ओढ्यांत शिरतात आणि तेथे कित्येक वर्षे वाढतात. मग एके शरदात ती पुन्हा समुद्राकडे निघतात, सार्गासोला जाऊन अंडी घालतात व तेथेच त्यांचा अंत होतो. वाम तेथे अंडी घालीत असताना आजवर कोणाही मनुष्याने प्रत्यक्ष पाहिलेली नाही. हा जीव सांप्रत संकटात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१४ साली अमेरिकन वामीची गणना धोक्यात आलेल्या जातींत केली. त्याच वर्षापासून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ९ इंचांहून लहान पिवळी वाम धरण्यास मनाई आहे. तेव्हा पिशवीतील प्रत्येक वाम मोलाची असून निष्काळजीपणाने वाया घालविण्याजोगी ती खासच नव्हे.

आमिषासाठी साधारणतः १० ते १४ इंच लांबीची वाम घेतात. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून बर्फावर ठेवितात, कारण थंडीने ती सुस्त होते आणि हाती धरता येते. एरवी तिच्या बुळबुळीत अंगावर बोटे ठरत नाहीत. गळ खालच्या जबड्यातून वर काढून ओठांपाशी अडकवितात, म्हणजे ती पाण्यात मोकळेपणाने पोहू शकते. फेकल्यावर दोर ढिला सोडला तर ती अंगाची गाठ मारून सारा दोर गुंडाळून घेते. म्हणून दोर किंचित ताणलेला ठेवून अगदी सावकाश ओढावी लागते. या आमिषाचे सारे मोल तिच्या वळवळण्यात आहे. फेकतानाच ती गळातून फाटून निघाली किंवा पाण्यावर आपटून निपचित पडली, तर एक वाम व्यर्थ गेली आणि काठीवाल्याची रात्रही व्यर्थ गेली.

ज्या काठीने ती फेकावयाची, तिचा इतिहास थोडक्यात सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही, कारण त्यात आपल्या देशाचाही अंश आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या सरसाने जोडून गळाच्या काठ्या करू लागले. त्यांचा बांबू हिंदुस्थानातून, कलकत्ता बंदरातून जाई आणि त्याला तेथे कलकत्ता बांबू असेच म्हणत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याची जागा दक्षिण चीनमधील टोंकिन नावाच्या बांबूने घेतली. पुढे १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि हा पुरवठा खुंटला. तोपर्यंत दुसरे महायुद्ध संपून काचतंतूच्या काठ्या बाजारात आल्याच होत्या. काचेचे बारीक धागे राळेत बसवून केलेली ही काठी स्वस्त, टिकाऊ व पाण्याने न कुजणारी असल्यामुळे थोड्याच वर्षांत तिने बांबूस मागे सारले. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत बळकट कार्बनतंतू तयार करण्याची रीत सिद्ध झाली. विमानांसाठी शोधलेले हे द्रव्य १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात गळाच्या काठीत आले. दुकानात त्यालाच ग्राफाइट म्हणतात.

या दोन द्रव्यांतील भेद नीट ध्यानात आला, की प्रश्न निम्मा सुटतो. काठीत वापरला जाणारा साधा कार्बनतंतू काचतंतूच्या सुमारे तिप्पट ताठ असतो आणि वजनाने हलकाही असतो. त्यामुळे तेवढाच जोर सहन करणारी काठी कार्बनची केल्यास ती बारीक, हलकी आणि चपळ होते. वाकली की तत्काळ सरळ होते. दोराला लागलेला बारीकसा धक्काही हाताला कळविते. परंतु या ताठपणाची किंमत मोजावी लागते. काचेचा धागा आपल्या लांबीच्या सुमारे ४ टक्के ताणला तरी टिकतो, कार्बनचा धागा दीड-दोन टक्क्यांतच तुटतो. म्हणजे काचतंतूची काठी अधिक वाकते, सावकाश वाकते, सावकाश सरळ होते आणि खडकावर आपटली तरी बहुधा टिकते. कार्बनच्या काठीवर खडकाचा एखादा चरा पडला, तर तो लगेच दिसत नाही. परंतु पुढे मोठा मासा लागला असता नेमक्या त्याच जागी ती मोडते. जाहिरातीत ३० टन, ४० टन असे आकडे दिलेले असतात. ते ताठपणाचे माप होय. आकडा जसजसा चढतो तसतशी काठी हलकी होते, आणि तितकीच ठिसूळही होते.

आता फेकण्याचा क्षण डोळ्यांपुढे आणू. तीन औंसांची, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम वजनाची वाम ओठाच्या पातळ कातडीवर लोंबत आहे. तिला स्थिर अवस्थेतून वेगात आणावयाचे आहे. अंतिम वेग तोच ठेविला, तरी तो किती वेळात द्यावयाचा हे काठीच्या हाती असते. ताठ काठी तो वेग एका झटक्यात देते. त्या क्षणी सारा भार गळाच्या भोकावर येतो आणि ओठ फाटतो. लवचीक काठी आधी बुंध्यापर्यंत वाकते आणि मग तोच वेग अधिक वेळात देते. भार पसरला जातो व कातडी टिकते. लहान मूल उचलताना आपण मनगट धरून हिसडा देत नाही, काखेत हात घालून उचलतो. तसाच हा प्रकार आहे. लाकडी मासोळी किंवा शिशाचे वजन फेकावयाचे असेल तर झटक्याने काही बिघडत नाही, आणि दुकानातील बहुतेक ताठ काठ्या अशा निर्जीव आमिषासाठीच घडविलेल्या असतात. दुकानदार खोटे बोलत नाही. तो वेगळ्या कामासाठी उत्तम असलेली काठी आपणांस दाखवीत असतो.

मासा आमिष घेतो त्या क्षणीही हाच भेद आढळतो. बास वाम तोंडात घेऊन वळतो. शेंडा ताठ असेल आणि दोर रेशमासारखा विणलेला, न ताणणारा असेल, तर त्याला लगेच ओढ जाणवते व तो आमिष टाकून देतो. जुन्या तंगुसाचा दोर स्वतः काहीसा ताणला जाई. विणलेला दोर ताणला जात नाही, म्हणून ते काम आता काठीच्या शेंड्याला करावे लागते.

याला जोडून एक महत्त्वाची गोष्ट आहे. २०२१ सालापासून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हौशी लोकांनी नैसर्गिक आमिषाने पट्टेदार बास धरताना वर्तुळाकार गळच वापरावा, असा नियम आहे. या गळाचे टोक आत वळलेले असते. माशाने आमिष गिळले तरी दोर हळूहळू ताणला गेल्यास गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. जुन्या सवयीने हिसका दिला, तर तो तोंडातून नुसताच निसटून येतो. म्हणजे हा गळ हळूहळू वाढणारा ताण मागतो, आणि तसा ताण देणे हा लवचीक काठीचा सहजधर्म आहे. काठी आपोआप वाकत जाते आणि गळ योग्य जागी बसतो. हाताने काही करावे लागत नाही.

गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसला की घशात बसला, याला एवढे महत्त्व का? कारण धरलेल्या माशांपैकी बहुतेक पुन्हा पाण्यात सोडावयाचे असतात. २०२३ सालापासून समुद्रकिनाऱ्यावर हौशी माणसाला दिवसाला एकच बास ठेवता येतो, आणि तोही २८ इंचांहून कमी नाही व ३१ इंचांपेक्षा लहान, अशा मापाचा. बाकीचे सारे सोडून द्यावयाचे. जे सोडले जातात त्यांपैकी शंभरात सुमारे ९ पुढे मरतात, असा अंदाज तेथील मत्स्यव्यवस्थापक आपल्या हिशेबात धरतात. हा आकडा लहान दिसतो. परंतु सोडलेल्या माशांची संख्या ठेवलेल्यांच्या अनेकपट असल्यामुळे एकूण हानी मोठी होते. २०१९ सालापासून चेसापीक उपसागरात नव्या पिलांची पैदास सलग काही वर्षे फार कमी झाली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मोठ्या मादीचे सुखरूप परतणे किती मोलाचे आहे ते कळते. घशात गळ रुतलेला मासा सोडला, तरी तो जगेलच असे नाही. जबड्याच्या कोपऱ्यातून गळ काढून सोडलेला मासा बहुधा जगतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, तर मग सर्वांत मऊ, संपूर्ण काचतंतूची काठी घ्यावी आणि मोकळे व्हावे. तसे नाही. काठी फारच मऊ असेल तर मोठा मासा लवकर आवरत नाही. तो अर्धा-अर्धा तास झुंजतो आणि थकून निघतो. उन्हाळ्यात पाणी कोमट असते, त्यात प्राणवायू कमी असतो. असा थकलेला मासा सोडल्यावर उलटा होऊन तळाशी जातो. दुसरे असे, की दहा फुटांची सबंध काचतंतूची काठी जड असते. रात्रभर खडकावर उभे राहून दोनशे वेळा ती फिरविली, तर तरुणाचाही खांदा भरून येतो, आणि थकलेला माणूस निसरड्या खडकावर सुरक्षित नसतो. म्हणजे शेंडा मऊ हवा व बुंधा भक्कम हवा. वामीशी मवाळ आणि माशाशी खंबीर, असे दुहेरी वर्तन एकाच काठीकडून अपेक्षित आहे.

यासाठीच मिश्र काठी निर्माण झाली. तिच्यात काचतंतू व कार्बनतंतू यांचे थर एकत्र बसविलेले असतात, किंवा बुंधा कार्बनचा करून शेंडा काचतंतूचा जोडलेला असतो. वजन मध्यम, वाक खोल आणि बुंध्यात बळ, असा तिचा स्वभाव असतो. येथे आणखी एक सूचना करणे अवश्य आहे. काठी कोठून वाकेल हे केवळ द्रव्यावर ठरत नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ती कशी निमुळती केली आहे, यावरही ते अवलंबून असते. केवळ शेंड्यापाशी वाकणाऱ्या काठीला दुकानात 'फास्ट' म्हणतात. मध्यापर्यंत वाकणारीला 'मॉडरेट'. कमी आकड्याच्या कार्बनची मध्यापर्यंत वाकणारी काठीही वाम फेकण्यास चांगली चालते. म्हणून काठीवर लिहिलेले द्रव्याचे नाव वाचून थांबू नये. तिचा वाकही पाहावा.

आता जागेनुसार निवड सांगतो. होडीतून वाम सोडावयाची असेल, तर लांब फेकण्याचे कारण नाही. सात फुटांच्या आसपासची शुद्ध काचतंतूची काठी त्यास उत्तम. ती आखूड असल्याने जड वाटत नाही आणि होडीच्या कडेवर आपटली तरी टिकते. खडकाळ किनाऱ्यावरून, लाटांत उभे राहून फेकावयाचे असेल, तर नऊ ते दहा फुटांची मिश्र काठी घ्यावी. केप कॉडच्या कालव्यासारख्या ठिकाणी प्रवाह फार जोराचा असतो व दूरवर फेकावे लागते. तेथे साध्या कार्बनची, परंतु मध्यापर्यंत वाकणारी काठी अधिक उपयोगी. अत्यंत ताठ, चाळीस टनी काठी मात्र वामीसाठी कोठेच घेऊ नये. आमच्या वाचकांचे ऱ्होड आयलंड बऱ्याच ठिकाणी खडकाळ किनाऱ्याचे असल्यामुळे त्यांना आमचा सल्ला मिश्र काठीचाच राहील.

विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. जुन्या सुती कापडाची वीतभर लांब पट्टी ओली करून, तिचे वजन तीन-चार औंस भरेल अशी गुंडाळी करावी व ती साध्या शिवणीच्या दोऱ्याने काठीच्या दोराला बांधावी. मोकळ्या मैदानात ती सावकाश, झोका दिल्याप्रमाणे फेकून पाहावी. शिवणीचा दोरा येथे वामीच्या ओठाच्या जागी आहे. पाच-सहा वेळा फेकूनही तो टिकला आणि काठी मध्यापर्यंत वाकलेली हाताला जाणवली, तर ती काठी योग्य. दोरा पहिल्याच वेळी तुटला, तर काठी कितीही नामांकित असो, ती या कामाची नव्हे. फेकताना वाम शेंड्यापासून दोन-तीन फूट खाली लोंबती ठेवावी, म्हणजे काठीस वाकण्यास अवसर मिळतो.

शेवटी सुरक्षिततेचे दोन शब्द. कार्बन हा विजेचा वाहक आहे. कार्बनची लांब काठी उभी धरून विजेच्या तारांखालून जाणे प्राणघातक ठरू शकते. ढग गडगडू लागताच ती खाली ठेवून किनारा सोडावा. मिश्र काठीतही कार्बन असतो, हे विसरू नये. आणि प्रत्येक फेरीनंतर काठी गोड्या पाण्याने धुऊन, बोटाच्या टोकाने शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चाचपावी. चरा लागला आहे की नाही हे डोळ्यांआधी बोटाला कळते.

सारांश, काठी निवडताना आपल्या खांद्यास काय सोयीचे, हे पाहण्याआधी दोराच्या दुसऱ्या टोकास काय सोसेल हे पाहावे. तेथे आधी एक वाम असते, जी हजारो मैलांच्या प्रवासातून आली आहे. मग एक मासा असतो, जो बहुधा परत पाण्यात जावयाचा आहे. ज्या काठीने वाम वळवळत पाण्यात उतरते आणि मासा अंगात बळ ठेवून परत जातो, ती काठी दुकानातल्या किमतीने दुसऱ्या क्रमांकाची असली तरी या कामासाठी पहिलीच होय.